चाल कुणाची, गाणं कुणाचं

लोककवी वामन तबाजी कर्डक, म्हणजेच वामनदादा, यांना अक्षरओळख झाली ती मुंबईत, शिवडीच्या बीडीडी चाळीत, आणि तोवर ते चांगले कमावते गडी झाले होते. जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. लहानपण गुरं राखण्यात आणि मोळ्या विकण्यात गेलं, मुंबईत आल्यावर मिळेल ती मजुरी केली. चाळीत देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरं गिरवायला लावली. 1943 साली त्यांनी पहिलं गाणं रचलं आणि ते त्या दिवसांत लोकांच्या तोंडी असलेल्या एका हिंदी चित्रपटगीताचं विडंबन होतं. तिथून 15 मे 2004 ला निधन होईपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ, हा माणूस गाणी रचत आणि गात राहिला. ती हजारोंनी भरतात. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह निघाले ते ती गाणी गावोगाव पाठ होऊन बरीच वर्षं लोटल्यावर. या कारकिर्दीकडे पाहणारे बहुतेक जण पहिल्या विडंबनाचा उल्लेख कौतुकाने करतात आणि पुढे सरकतात. जणू ती नवशिक्याची पायरी होती, नंतर खरा कवी सुरू झाला. माझं म्हणणं वेगळं आहे. लोकांच्या ओठावरची चाल उचलून तिच्यात आपला शब्द बसवणं ही वामनदादांच्या कामाची मूळ रीत होती, त्या रीतीला त्यांच्या आधी जवळजवळ पाऊणशे वर्षांचा इतिहास होता, आणि त्यांचं गाणं इतकं टिकलं ते या रीतीमुळेच.

हा इतिहास जोतीराव फुल्यांपासून धरावा लागतो. 1869 साली त्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला. दरबारी पराक्रम गाण्यासाठी घडलेला हा साचा त्यांनी कुळवाड्यांचा राजा उभा करायला वापरला. पुढे अभंगाचा घाट घेऊन त्यांनी आपले ‘अखंड’ रचले. अभंगाची लय ज्याच्या कानात आहे त्याला अखंड म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही. विचार नवा, म्हणण्याची सवय जुनी. 24 सप्टेंबर 1873 ला स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी हीच युक्ती तमाशावर केली आणि सत्यशोधक जलसे उभे राहिले. गण, गौळण, बतावणी, वग हा सांगाडा बहुतांशी तोच राहिला. गणातलं देवतेचं स्तवन बदललं, गौळणीचा खेळ मागे पडला किंवा त्याचा अर्थ उलटवला गेला, आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, भटजी, कुलकर्णी आणि त्यांच्याकडून नाडला जाणारा शेतकरी आला. प्रेक्षकाला पुढे काय येणार याचा अंदाज असायचा, त्यामुळे नेमकं काय बदललं आहे हे त्याला लगेच कळायचं. ओळखीच्या साच्यातला बदल जितका टोचतो, तितका सर्वस्वी नवा साचा टोचत नाही. जलसाकारांनी हे फार लवकर ओळखलं होतं.

आंबेडकरी जलशाने हा वारसा घेतला तेव्हा त्यात आणखी एक अवघड गाठ होती. ढोलकी, हलगी, तुणतुणं ही वाद्यं महार आणि मांग समाजांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होती, पण त्यात कलेचा मान थोडा आणि गावकीचा भार जास्त होता. वाजवणं हा गावाने लादलेल्या कामांचा भाग होता, आणि तमाशाच्या फडात नाचणाऱ्या बाईकडे गाव कसं पाहत होतं ते सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली मुंबईत देवदासी, मुरळ्या आणि जोगतिणींसमोर बोलताना ते लाजिरवाणं जिणं सोडा असं स्पष्ट सांगितलं होतं. मेलेली गुरं ओढणं सोडा, येसकरकी सोडा, हाच त्या चळवळीचा पुकारा होता. अशा वेळी कुणी म्हणालं असतं की ढोलकीही सोडा, तर ते तर्काला धरूनच झालं असतं. तसं झालं नाही, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातली मोठी घटना आहे असं मला वाटतं. नाशिक जिल्ह्यातले शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या इतरांनी 1930 च्या दशकात वाद्य ठेवलं आणि त्यामागची गुलामी टाकली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हा सगळा मुलूख जलसेकऱ्यांच्या पायाखालचा होता. शिक्षण घ्या, दारू सोडा, मृत जनावराचं मांस खाऊ नका, पाणवठ्यावर हक्क सांगा, हे विषय त्यांनी वगात आणि पदांत आणले. भीमरावांनी पुढे या जलशांच्या स्वरूपावर आणि कार्यावर पुस्तकच लिहिलं. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, अशा अर्थाचं बाबासाहेबांचं एक वाक्य चळवळीत आजही सांगितलं जातं. ते शब्दशः तसं होतं की नाही हे बाजूला ठेवलं तरी, ज्या वस्तीत वर्तमानपत्र वाचणारा एखादाच असे तिथे सभेतली बातमी आणि विचार पोचवण्याचं काम गाण्याकडे होतं, ही गोष्ट त्यातून खरीच सांगितली जाते.

वामनदादा या परंपरेत आले ते तिच्या दुसऱ्या पिढीत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जलशाचं रूप पालटत गेलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर वगनाट्याचा भाग आटत गेला आणि ‘गायन पार्टी’ पुढे आली: एक मुख्य गायक, पेटी, ढोलकी किंवा तबला, मागे कोरस, आणि कव्वालीच्या थाटाचा सामना. दोन पार्ट्या रात्रभर एकमेकींना सवाल टाकायच्या. कलगी-तुऱ्याच्या जुन्या झगड्याचं ते नव्या वस्तीतलं रूप होतं. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या आसपासचे महिने म्हणजे यांचा हंगाम. या मंचाला तयार गाण्यांचा साठा पुरत नसे, कारण समोरच्याने काय टाकलं त्यावर उत्तर बांधावं लागे, शिवाय ज्या गावात कार्यक्रम आहे तिथली ताजी घटना गाण्यात यावी अशी श्रोत्यांची अपेक्षा असे. गाणं वेगाने बांधायचं, ते कोरसला लगेच उचलता यायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी श्रोत्याला एकट्याने गुणगुणता यायला हवं, अशा तीन अटी एकदम होत्या. ज्याला या अटींत बसवता येत नसे तो एखादा हंगाम टिके.

चालू चाल घेतली की या तिन्ही अटींचं बरंच ओझं हलकं होतं, हे उघड आहे. पेटीवाल्याला सूर सांगावे लागत नाहीत, ढोलकीवाल्याला उठाव कुठे आणि सम कुठे ते ठाऊक असतं, मागचे साथीदार धृपद दुसऱ्याच खेपेला झेलतात. पण या रीतीचा खरा लाभ याहून खोल आहे. एक तर चाल ही आठवणीची चौकट असते. ओळीत किती मात्रा मावतात ते तिने ठरवलेलं असतं, म्हणून गाणाऱ्याच्या तोंडून शब्द सुटला की पोकळी लगेच ऐकू येते आणि शब्द परत जागेवर येतो. ज्यांना लिहिता येत नव्हतं अशा माणसांनी शेकडो गाणी जपली ती या चौकटीच्या आधाराने. दुसरं असं की श्रोत्याच्या कानात मूळ गाणं चालूच असतं. जिथे नायक नायिकेला साद घालत होता त्याच सुरावर आता एखाद्या आईला किंवा समाजाला साद येते. जिथे विरहाचा आलाप होता तिथे भाकरीचा प्रश्न येतो. खालचं गाणं पुसलं जात नाही. ते वरच्या गाण्याला ताण देत राहतं. पडद्यावर ज्यांचं जगणं कधी दिसलंच नाही त्यांनी पडद्यावरचे सूर आपल्या जगण्यासाठी काढून घेतले, ही गोष्ट शब्दांत कुठेही न सांगता ऐकणाऱ्याला कळते. आणि तिसरी गोष्ट कारागिराचा कस लागण्याची. चाल दुसऱ्याची असली की लपायला जागा राहत नाही. गोड चालीवर पोकळ शब्द बसवला तर लोक मूळ गाणंच म्हणायला लागतात. वामनदादांचा शब्द इतका साधा, बोलीतला आणि अचूक झाला, त्यामागे वर्षानुवर्षांची ही परीक्षा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: उसन्या चालीवरची रचना ती कसली निर्मिती? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मराठी रंगभूमीचा इतिहास आठवावा. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, त्यातल्या पदांसाठी लावणी, साकी, दिंडी यांच्यापासून कानडी पदांपर्यंतच्या प्रचलित चाली घेतल्या होत्या. 1911 च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या वाटेने चाली आणल्या. 1916 च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी नामांकित बंदिशींवर पदं बसवली. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर मूळ चीज कोणती ते उघडपणे छापलेलं असायचं. या साऱ्याला आपण नाट्यसंगीताचं वैभव म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग बंदिशीवरून पद झालं की ते वैभव आणि चित्रपटगीतावरून भीमगीत, म्हणजे बाबासाहेबांवरचं गाणं, झालं की ती नक्कल, हा भेद संगीताच्या कोणत्या नियमाने होतो? त्याचं उत्तर संगीतात सापडत नाही. ते श्रोत्यांच्या जातीत आणि तिकिटाच्या दरात सापडतं. बालगंधर्वांच्या थिएटरात जी प्रथा प्रतिष्ठित होती, ती बीडीडी चाळीच्या पटांगणात आल्यावर हलकी ठरली.

याच आक्षेपाची अधिक विचारी मांडणीही होऊ शकते. नाट्यपदांना पुढे स्वतंत्र आयुष्य मिळालं, मूळ बंदिश विसरली गेली तरी पद उभं राहिलं. चित्रपटाच्या चालीवरचं गाणं मात्र तो चित्रपट जुना झाला की मरतं. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत हे खरंच आहे. जयंतीच्या मांडवात एका वर्षापुरती जगलेली गाणी अगणित असतील. पण वामनदादांच्या रचनांची कहाणी नेमकी उलट दिशेने गेलेली दिसते. त्यांची लोकप्रिय गाणी आज वेगवेगळे गायक वेगवेगळ्या चालींत गातात. एक पार्टी कव्वालीच्या ठेक्यात म्हणते, दुसरी संथ भजनाच्या अंगाने, कुणी एकतारीवर, कुणी मोठ्या वाद्यवृंदासह. चाल सुटून गेली, शब्द राहिला. असं होण्यासाठी शब्दांना स्वतःची लय असावी लागते. त्यांनी गझलाही लिहिल्या, आणि प्रत्येक शेरात एक विचार पुरा करण्याची ती शिस्त त्यांच्या साध्या गीतांच्या कडव्यांतही जाणवते: प्रत्येक कडवं एक मुद्दा मांडतं, तो धृपदावर आणून बंद करतं, आणि पुढचं कडवं नव्या मुद्द्याने उघडतं. म्हणून गायकाने मधलं एखादं कडवं गाळलं तरी गाणं मोडत नाही, आणि विसरणाऱ्या तोंडांतून वाट काढायची असेल तर गाण्याला ही बांधणी लागतेच.

दुसरा आक्षेप मला याहून गंभीर वाटतो, आणि तो चळवळीच्या आतूनच येतो. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की धर्मातली भक्ती कदाचित आत्म्याला मोक्षाकडे नेईल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. व्यक्तिपूजेविरुद्ध ते आधीही बोलले होते. मग भीमगीतांची ही परंपरा, जिच्यात कीर्तनातला उद्धाराचा शब्द, आरतीतली आळवणी, अभंगातली शरणागती हे सारं बाबासाहेबांच्या नावाला जोडलं गेलं, ती त्या इशाऱ्याच्या विरोधात जात नाही का? काही गाण्यांच्या बाबतीत जाते, हे मान्यच करायला हवं. उसन्या चालीबरोबर उसनी भावनाही येते. भजनाची चाल घेतली की भजनाचा नमस्कारही चोरपावलांनी येतो. वामनदादांच्या सर्वांत गाजलेल्या रचनांतही कुळांच्या उद्धाराची ती जुनी भाषा आहे. पण त्यांचं पूर्ण काम पाहिलं तर त्यात दुसरा आवाजही तितकाच ठसठशीत आहे, आणि तो आवाज अनुयायांना जाब विचारतो. त्यांच्या एका प्रसिद्ध गाण्याचा आशय असा की बाबासाहेबांच्या मताची मोजकी माणसं जरी खरोखर उरली असती, तर आजचं चित्र फार वेगळं दिसलं असतं. 3 ऑक्टोबर 1957 ला स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष पाहता पाहता फुटत गेला त्या काळाच्या पार्श्वभूमीवर हे गाणं ऐकलं तर ते भक्तिगीत राहत नाही, हिशेब मागणारं होतं. दुसऱ्या एका गाण्यात ते देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन विचारतात की धनाचा एवढा साठा आहे, तर त्यात आमचा वाटा कुठे आहे. यात देवत्व कुठे आहे? जातीच्या प्रश्नातून मालमत्तेच्या प्रश्नावर इतक्या सहज येणारी राजकीय कविता मराठीत फार थोड्यांनी लिहिली, आणि ती मैदानातल्या हजारो माणसांना पहिल्याच ऐकण्यात कळेल अशी लिहिणारे तर त्याहून थोडे. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने 1944 पासून गिरणगावात जे केलं, त्याच्याशी या गाण्याचं नातं आहे. वामनदादा त्या मार्गाने कम्युनिस्ट पक्षात गेले नाहीत, पण मजुराचा प्रश्न त्यांच्या गाण्यातून कधी गेला नाही. तो त्यांनी स्वतः ओझी वाहून शिकलेला होता.

भावना उसनी येण्याचा हा धोका पेलण्याचं एक साधन त्यांनी परंपरेतूनच घेतलं. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते, संतांच्या अभंगात यावी तशी. अभंगातली मुद्रा कवीला देवापुढे लीन करते. वामनदादांच्या गाण्यात ती अनेकदा बोलणाऱ्याला जबाबदार करते: हे मी म्हणतो आहे, माझ्या नावावर धरा. शिवाय तिने एक व्यावहारिक काम केलं, ज्याचं महत्त्व पुढच्या दशकांत वाढत गेलं. मागेल त्या गायकाला ते गाणं देत, अशी त्यांची ख्याती आहे. बिदागीवर चालणाऱ्या या धंद्यात गाणं ही गायकाची पुंजी असते आणि पुष्कळ शाहीर आपली वही दुसऱ्याच्या हाती लागू देत नाहीत. वामनदादांनी ती उघडी ठेवली. परिणाम असा की त्यांचं गाणं शेकडो कंठांत गेलं आणि कवीचं नाव मात्र मागे पडण्याची भीती उभी राहिली. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर तर ती भीती फारच वाढली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांच्या आवाजांनी आणि पुढच्या पिढीच्या गायकांनी भीमगीत रिक्षांत, चहाच्या टपऱ्यांवर, लग्नाच्या मांडवांत नेलं. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा असायचा, गीतकाराचं नाव बारीक. तरीही शेवटचं कडवं आलं की ‘वामन’ हा शब्द गायकालाच उच्चारावा लागे. तो वगळला तर मात्रा तुटते. छापील हक्कपत्रापेक्षा पक्की अशी ही सही त्यांनी गाण्याच्या लयीतच बांधून ठेवली होती.

राहिला प्रश्न दर्जाच्या चढउताराचा. हजारो गाणी रचणाऱ्याची सगळी सारखी उतरत नाहीत. जयंतीसाठी, उद्घाटनासाठी, एखाद्या गावच्या आग्रहाखातर केलेल्या रचनांत तीच विशेषणं, तेच यमक पुन्हा पुन्हा भेटतं. समीक्षकाने हे सांगायला हरकत नाही, आणि वामनदादांवरच्या प्रेमापोटी कुणी ते झाकू नये. मात्र प्रसंगासाठी रचणं हाच ज्याच्या कामाचा रोजचा रियाज होता, त्याला सगळ्यांत पडलेल्या ओळींवरून जोखणं म्हणजे गवयाला त्याच्या सकाळच्या खर्जावरून जोखणं आहे. एप्रिलच्या रात्री गावोगाव केलेल्या या घाईच्या गाण्यांशिवाय ती मोजकी अक्षय गाणी आलीच नसती. रीत तीच, हात तोच. कधी विषय, चाल आणि प्रसंग एका ठिकाणी जुळून आले एवढंच. प्रचार म्हणून या साऱ्याला बाजूला सारणाऱ्यांना तर इतकंच सांगता येईल की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला, आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत जाळपोळ आणि खून सोसणाऱ्या वस्त्यांना धीर देणारी जी गोष्ट रोज हाताशी होती, ती गाणं होती. अशा गाण्याला प्रचार म्हटल्याने त्याची किंमत उतरत नाही.

1993 साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वामनदादांना मिळालं. पुस्तकांच्या जगाने त्यांना असा मान दिला, पण त्यांच्या कामाची रीत समजून घेण्याचं काम अजून अर्धंच झालं आहे. छापील संग्रहांत गाणी कवितेसारखी मांडलेली असतात: ओळी, कडवी, खाली नाव. कोणतं गाणं कोणत्या चालीवर बांधलं गेलं, पुढे कुणी कोणत्या चालीत नेलं, नाशिककडे कोणतं कडवं म्हणतात आणि विदर्भात कोणतं, गायकांच्या वह्यांत कोणते पाठभेद आहेत, हे कागदावर येत नाही. अभ्यासक गी पॉयट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या घरात गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. कोणत्या बाईने कुठे आणि कशी म्हटली याची नोंद त्यांनी ठेवली, म्हणून त्या ओव्या आज अभ्यासता येतात. वामनदादांच्या गाण्यांची तशी आवृत्ती व्हायला हवी, आणि तिच्यात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर, जुन्या नाटकांच्या पुस्तकांत छापत तशी, मूळ चाल छापायला हवी. ती सांगू शकणारे पेटीवाले आणि कोरसमधले साथीदार आता वयस्क झाले आहेत.